मामाजी, मी आलो!

सरकारी कचेरीत सव्वीस वर्षं काढली की माणसाला एक सवय लागते. कागद पुढे आला की आधी सही करायची, मग वाचायचा. (आधी वाचला तर सही करवत नाही.) त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला, मी खिशातून पेन काढलं आणि सही ठोकली. सहीच्या खाली काय छापलंय ते सरिताने मोठ्याने वाचलं.

"घरातील जबाबदार व्यक्ती." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "कोण? तुम्ही?"

सरिता माझी बायको. तिच्या त्या एका प्रश्नात आमच्या बावीस वर्षांच्या संसाराचा अहवाल होता. पण सही झाली होती. आता पुढचे सहा आठवडे मामाजींची जबाबदारी माझी.

मामाजी म्हणजे माझे सख्खे मामा, रिटायर्ड सुभेदार नत्थूजी. वय एकाहत्तर. अठ्ठावीस वर्षं फौजेत, आणि तिथून आल्यापासून वडनेरला दीड एकरात वांगी. फौजेत असताना एका सरावात त्यांच्या फार जवळ स्फोट झाला आणि उजवा कान गेला. नुसतं ऐकू येणं गेलं असतं तर चाललं असतं, पण माणसाचा तोल सांभाळणारी जी काही भानगड कानाच्या आत असते, तीही बिघडली. तरुणपणी ते अंगावर निभावलं. सत्तरीत निभेना. खाली वाकलं की भोवळ यायला लागली. मागच्या दिवाळीत वांगी तोडता तोडता तोंडावर पडले आणि दीड तास तसेच वाफ्यात पडून राहिले. मामी दोन वर्षांपूर्वी वारल्या, घरात दुसरं कोणी नाही. बांधावरून जाणाऱ्या कोणीतरी पाहिलं म्हणून वाचले.

मग त्यांचा मुलगा स्वप्निल पुण्याहून आला आणि म्हणाला, "बाबा, बस झालं. आता माझ्याकडे चला."

स्वप्निल अकराव्या मजल्यावर राहतो. पोरगा गुणी आहे, बापावर जीव आहे त्याचा. पण मामाजींनी ऐकलंच नाही.

"अकराव्या माळ्यावर मी काय करू? वरून लोकायचे डोके मोजू?"

दोघांत चार दिवस बोलणं बंद. शेवटी तोडगा निघाला. वर्ध्याच्या एका दवाखान्यात माजी सैनिकांसाठी नवीन उपचार सुरू झाला होता, डोळ्यांवर लावायच्या हेडसेटचा. सहा आठवडे तो करायचा. शेवटी परीक्षा. मामाजी एकटे राहू शकतात असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर वडनेर, नाही दिलं तर पुणे. मामाजी म्हणाले, "मंजूर." स्वप्निल पण म्हणाला, "मंजूर." आणि मी, ज्याला कोणी काही विचारलं नव्हतं, म्हणालो, "मामाजी, सहा आठवडे आमच्याकडेच राहा ना. पिपरी मेघेहून दवाखाना जवळ पडते." बस्स. एवढंच बोललो होतो मी.

डॉक्टर आकांक्षा मॅडमनी सगळं नीट समजावून सांगितलं. हेडसेट लावला की समोर बाग दिसते. बाग खरी नाही, पण खरीच वाटते. जमिनीवर झेंडूची फुलं पडलेली असतात. वाकून एकेक फूल उचलायचं. दिवसाला चाळीस. वाकायची भीती गेली की मेंदू तोल सांभाळायला पुन्हा शिकतो. किती वेळा वाकले त्याचा आकडा आपोआप दवाखान्यात पोचतो, त्यामुळे लबाडी चालत नाही. (हे वाक्य त्या माझ्याकडे बघून का बोलल्या ते कळलं नाही.)

पहिल्या संध्याकाळी मामाजी आमच्या हॉलच्या मधोमध डोळ्यांवर काळा डबा लावून सावधान उभे राहिले.

"मामाजी, फुलं दिसून राह्यले काय?"

"दिसून राह्यले."

"मंग उचला ना."

"कोणाचे हायेत?"

"म्हणजे?"

"बाग कोणाची हाय? मालक कुठी हाय?"

"मामाजी, ते खोटे फुलं हायेत. दवाखान्याचे."

"मॅडमले विचारलं काय तू? न विचारता दुसऱ्याच्या बागेत हात घालणं मले जमत नाई बापा."

दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन करून रीतसर परवानगी घेतली. तर मामाजी म्हणाले, फुलं अजून कच्ची आहेत, दोन दिवस थांब. दोन दिवसांनी रविवार निघाला. सोमवारी म्हणाले, सुभेदारानं फुलं वेचत बसणं शोभत नाही. पहिल्या आठवड्यात दोनशे ऐंशी फुलं उचलायची होती, त्यातली तीन झाली. (त्यातल्या दोन शिंका होत्या, आणि एकदा पायजम्याची नाडी सुटली होती.)

मी वैतागलो. "सरिता, हा मानूस मुद्दाम करून राह्यला."

"तुम्हाले काही समजते काय?" ती म्हणाली. "मामाजी भेऊन राह्यले. डबा लावला का खुर्चीची पाठ कशी घट्ट धरते ते पाह्यलं नाई काय तुम्ही?"

मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं. बोटं पांढरी पडली होती. ज्या माणसाने बर्फात रात्री काढल्या त्याला आमच्या हॉलमधली फरशी खोल वाटत होती. मला एकदम वाईट वाटलं. पण सुभेदाराला भीती वाटते असं त्यांच्या तोंडावर म्हणायची छाती आमच्या खानदानात कोणाची नाही.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. आमच्या विदर्भात मामा भाच्याच्या पाया पडतो. (पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकांनी दचकू नये. आम्हाला तुमच्याकडे भाचे मामाच्या पाया पडतात हे पाहून तेवढंच दचकायला होतं.) बहिणीचं लेकरू म्हणजे देव. मी पाळण्यात होतो तेव्हापासून मामाजी माझ्या पाया पडत आले. मी दहावीत गणितात नापास झालो त्या दिवशीसुद्धा आले, पाया पडले आणि मगच कानाखाली वाजवली. पण वाफ्यात पडल्यापासून ते बंद झालं होतं. आले की लांबूनच हात जोडायचे आणि तोंड दुसरीकडे करायचे.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी हेडसेटची सेटिंग बदलली. आता डब्यातून बाग नाही, आमचाच हॉल दिसायचा, आणि आमच्याच फरशीवर झेंडू. पहिल्याच संध्याकाळी मी कचेरीतून आलो, दारात चप्पल काढली, "मामाजी, मी आलो" म्हणत आत शिरलो. मामाजी डबा लावून उभेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली, आणि काय झालं कोणास ठाऊक, खुर्ची सोडून सरळ वाकले आणि माझ्या पायाला हात लावला.

डबा हिंदीत म्हणाला, "बहुत अच्छे!"

"किशोर," मामाजी उठत म्हणाले, "तुया पायावर झेंडूचं फूल होतं बापा."

मी सरिताकडे पाहिलं. सरिताने माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा आम्हा दोघांना एकाच वेळी एकच गोष्ट सुचली.

"मामाजी," मी तिथेच उभा राहून पाय पुढे केला, "आणखी एक फूल हाय पाहा."

"हाय. मंग?"

"मंग पडा ना पाया."

"आत्ताच तर पडलो. एका भेटीत एकदाच पडते मानूस. काही रीतभात हाय का नाई?"

"म्हणजे मी बाहेर जाऊन परत आलो तर?"

मामाजींनी क्षणभर विचार केला. नियमात बसत होतं. "आला तर पडा लागन."

मी दाराबाहेर गेलो आणि आत आलो. "मामाजी, मी आलो!" मामाजी हलले नाहीत.

"तू गेलाच नाई. चपलेचा आवाज नाई आला."

मग चप्पल घालून गेलो. तरी चालेना, कारण फाटकाची कडी वाजली नव्हती. (डाव्या कानाने या माणसाला नको ते सगळं ऐकू येतं.) शेवटी कार्यपद्धती ठरली ती अशी: चप्पल घालायची, अंगण ओलांडायचं, कडी काढायची, रस्त्यावर दोन्ही पाय टेकवायचे, परत फिरायचं, कडी लावायची, चप्पल काढायची, "मामाजी, मी आलो" म्हणायचं. मामाजी वाकणार, डबा "बहुत अच्छे" म्हणणार, मी "असू द्या, असू द्या" म्हणणार, आणि परत चप्पल घालणार. सरिता मामाजींच्या मागे खुर्ची धरून उभी. असं चाळीस वेळा. रोज.

मी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर आहे, पण एवढी आवक-जावक मी नोकरीत कधी केली नव्हती.

चौथ्या दिवशी समोरचे पुंडलिकराव आले. रिटायर्ड मास्तर, आणि रिटायर्ड असल्यामुळे पूर्णवेळ शेजारी. मी तेव्हा रस्त्यावर होतो, सव्विसाव्या खेपेला. त्यांनी मला ओलांडून सरळ सरितालाच गाठलं.

"वहिनी, लहान तोंडी मोठा घास घेऊन राह्यलो. पण चार दिवस झाले पाहून राह्यलो. मानूस चुकते. म्हणून काय त्याले दिवसातून चाळीस वेळा घराबाहेर काढाचं?"

"मी कायले काढू? ते सोताच जाते."

"तेच म्हणतो मी. सोताहून जा लागते, इतकं काय झालं?"

"मामाजीसाठी जाते ना. पाया पडाचं काम हाय."

"मामाजीच्या पाया पडते काय किशोरभाऊ?"

"नाई हो. मामाजी यायच्या पाया पडते."

"चाळीस वेळा?"

"डॉक्टरनं सांगतलं."

पुंडलिकरावांनी वळून रस्त्यावर माझ्याकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मंग डॉक्टर बदला."

जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काही लागलं तर सांगजो. आमच्याकडे वरची खोली रिकामीच हाय." त्या संध्याकाळी सरिता माझ्याशी बोलली नाही. कॉलनीत तिचं नाव खराब झालं ते झालंच. पण दुसऱ्या दिवशी बरोबर सहा वाजता खुर्ची धरून मामाजींच्या मागे उभी होती. बाई खरी आहे.

आणि आकडे चढले. आठवड्याला तीनवरून थेट दिवसाला चाळीसपैकी चाळीस. तिसऱ्या आठवड्यात सरिताने खुर्ची एक हात मागे घेतली, चौथ्यात दोन हात. मामाजींच्या लक्षातही आलं नाही. मॅडमचा फोन आला.

"किशोरजी, कमाल आहे! इतर पेशंट कंटाळून सोडून देतात. तुम्ही नक्की काय करता?"

"विशेष काही नाही," मी नम्रपणे म्हणालो. "येत-जात असतो."

खोटं कशाला बोलू, थोडी हवा डोक्यात गेली माझ्या. रोज चाळीस वेळा कोणीतरी पाया पडत असेल तर भल्याभल्यांचं डोकं ठिकाणावर राहणार नाही. कचेरीत आमचा शिपाई श्रावण चहा ठेवून नुसताच सरळ उभा राहिला की मला काहीतरी कमी पडल्यासारखं वाटायचं. एकदा तर मी त्याला "असू दे, असू दे" म्हणून गेलो. तो म्हणाला, "काय असू दे, साहेब?" मी म्हणालो, "चहा."

ती हवा मामाजींनीच काढली. पाचव्या आठवड्यात एकदा तिसाव्या खेपेनंतर मी पायरीवर धापा टाकत बसलो, तेव्हा डबा काढून ते शेजारी येऊन टेकले.

"थकला काय?"

"नाई मामाजी. तुमच्यासाठी काहीपण."

"मायासाठी नाई. तुया मायसाठी." ते फाटकाकडे बघत बोलत होते. "तुयी माय मायाहून सहा वर्षानं मोठी. फौजेत जातानी तिच्या पाया पडून गेलतो. थे गेली तवा मी बॉर्डरवर, मले यायले चार दिवस लागले. तवापासून तुया पाया पडतो तर तिच्याच पडतो. साल झालं, वाकता येत नोहोतं. तुले तोंड दाखवाची लाज वाटे मले."

मामाजी पुढे म्हणाले, "तुयी मामी ज्या घरातून गेली त्याच घरातून मले जाऊ दे. बस, एवढंच हाय. पुण्याले नोको."

मी उठलो आणि चप्पल घातली. त्या दिवशी उरलेल्या दहा खेपांना मी "असू द्या" म्हणालो नाही.

परीक्षेच्या दिवशी स्वप्निल सकाळच्या गाडीने आला. परतीची दोन तिकिटं काढूनच आला होता. मॅडमनी मामाजींना आत घेतलं आणि आम्हाला दारातच थांबवलं.

"नातेवाइकांनी बाहेर बसायचं. आणि हेडसेट नाही. आज उघड्या डोळ्यांनी, आधाराशिवाय."

दार बंद झालं. हेडसेट नाही म्हणजे झेंडू नाही. मी बाहेर म्हणजे पाय पण नाहीत. मामाजी आता आत कशाला वाकतील? सावधान उभे राहतील आणि विचारतील, मालक कुठी हाय? दहा मिनिटं गेली. आतून काहीच आवाज नाही. स्वप्निलने मोबाइलमध्ये पाहत म्हटलं, "दादा, बाबांचं सामान आजच बांधून ठेवू या. गाडी उद्या पहाटेची आहे."

मी ताडकन उठलो आणि दार ढकललं.

"मामाजी, मी आलो!"

मामाजी खुर्चीवर बसले होते, मॅडम काहीतरी लिहीत होत्या. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, उठले, चार पावलं चालत आले, वाकले आणि पाया पडले. आधार नाही, काही नाही.

"एक!" मी मॅडमना ऐकू जाईल असं म्हणालो.

"किशोरजी, बाहेर थांबा."

मी बाहेर गेलो. चप्पल घातली, काढली. आत आलो. "मामाजी, मी आलो!"

मामाजी उठले, वाकले. "दोन!"

"बाहेर, प्लीज."

हेच तर मला हवं होतं. त्या बाहेर काढत होत्या म्हणून मला आत येता येत होतं. तिसऱ्या वेळी मॅडमनी पेन खाली ठेवलं. पाचव्या वेळी सिस्टरना हाक मारली. सातव्या वेळी वॉचमन आला. त्याने मला दंडाला धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत नेलं, तेव्हा मी क्ष-किरणाच्या खोलीतून शिरून दुसऱ्या दाराने आलो. स्वप्निल तोंडावर हात ठेवून भिंतीला टेकला होता. नववी खेप मी पळतच केली. दहाव्या वेळी वॉचमन माझ्या सदऱ्याला मागून लोंबकळत होता आणि मी पुढे हात करून ओरडत होतो, "मामाजी, मी आलो! दहा! मॅडम, लिहा, दहा!"

मामाजी दहाव्यांदा वाकले, उठले, आणि दम न लागता म्हणाले, "बस झालं ना बापा आता. टेस्ट तर कवाचीच झाली."

"झाली?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच्या आधीच झाली होती," मॅडम म्हणाल्या. "खाली टाकलेल्या तीस पेन्सिली त्यांनी एका दमात उचलल्या. मी सर्टिफिकेट लिहायला घेतलं आणि तुम्ही यायला लागलात."

"पण मामाजी... कोणाच्या पाया न पडता?"

"पेन्सिलीच्या पाया कोणी पडते काय? आता भेव नाई राह्यला, तर वाकलो."

"मंग माया पाया दहा वेळा काऊन पडले?"

"तू दहा वेळा आला," मामाजी म्हणाले. "रीत म्हणजे रीत."

मॅडमनी लिहिणं पूर्ण केलं, खाली शिक्का मारला आणि कागद स्वप्निलच्या हातात दिला. त्याने तो व्हरांड्यात मोठ्याने वाचला. पहिली ओळ होती: रुग्ण एकटे राहण्यास पूर्णपणे सक्षम आहेत. ती ओळ पोराने परत एकदा वाचली. मामाजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वांगे निंगाले का पाठवतो तुले. अकराव्या माळ्यावर." दोघं बापलेक हसले. मीही हसलो.

मग त्याने दुसरी ओळ वाचली: सोबतच्या नातेवाइकांना मात्र एकटे सोडू नये.

मामाजींनी तिथूनच पिशवी खांद्याला अडकवली, रस्त्यावर आलेल्या, वडनेरच्या वाटेवरच्या हिंगणघाटच्या बसला हात केला आणि एकटे चढून खिडकीपाशी जाऊन बसले. स्वप्निल पुण्याहून कोणाला तरी सांभाळायला म्हणून आला होता. रस्ता ओलांडताना त्याने माझा हात धरला.